फोटोतले कुंकू

आमच्या माजघराच्या भिंतीवर आजीचे दोन फोटो टांगलेले आहेत. दोन्ही काळे-पांढरे. पण पहिल्या फोटोत आजीच्या कपाळावरचे कुंकू डांबरासारखे काळे आहे, आणि दुसऱ्यात ते लाल आहे. इतके लाल, की साऱ्या फोटोतून आधी तेच डोळ्यांत भरते. लहानपणी माझी अशी समजूत होती की पूर्वीच्या बायका काळे कुंकू लावीत आणि लाल कुंकवाचा शोध नंतर कधीतरी लागला असावा. ही विद्वत्ता मी एकदा वर्गात प्रकट केली आणि त्याबद्दल छडी खाल्ली.

आज मी स्वतःच शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. कुंचला आणि खडू ह्यांच्याच संगतीत राहिलो, आणि रात्री कादंबऱ्या लिहीत बसलो. कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड असते. घरातली एखादी क्षुल्लक वस्तू त्याला स्वस्थ बसू देत नाही. त्या दोन टिकल्यांचा माग काढता काढता मी मुंबई, कोल्हापूर आणि थेट लंडनपर्यंत जाऊन आलो, अर्थात पुस्तकांतून. वाशीमहून लंडनला जायची दुसरी सोय माझ्यापाशी नाही.

पहिला फोटो १९४३ सालचा. आजोबांनी पुठ्ठ्यामागे शाईने साल घालून ठेवले आहे. आजोबा खुर्चीत, फेटा बांधून, एक हात गुडघ्यावर. शेजारी आजी उभी, सतरा-अठरा वर्षांची, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर संगमरवरी जिना, कारंजे आणि एक राजहंस. आमच्या पंचक्रोशीत कारंजे म्हटले की लोकांना कारंजा लाडचे गुरुमंदिर आठवते. हंसाचा तर प्रश्नच नाही. पण त्या पडद्यासमोर उभे राहिले की घटकाभर माणूस संस्थानिक होई, आणि तेवढ्यासाठीच लोक पैसे देत. दोघांच्या नजरा मात्र काहीतरी अपराध केल्यासारख्या आहेत. त्यात त्यांचा दोष नाही. 'हलू नका' असे बजावल्यावर कोणाचीही नजर तशीच होईल.

आता कुंकू काळे का? त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर ह्याची युक्ती जाहीर झाली आणि चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर माणसाची प्रतिमा उमटू लागली. १८४१ साली रिचर्ड बिअर्ड ह्या गृहस्थाने लंडनमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर माणसांच्या तसबिरी काढण्याचे दुकान थाटले. इंग्लंडमधले हे त्या प्रकारचे पहिलेच दुकान. त्याचे छप्पर काचेचे होते, आणि काच होती निळी. आत शिरणारे लोक एकमेकांचे निळसर, प्रेतासारखे चेहरे पाहून दचकत असतील. पण बिअर्डचे गणित पक्के होते. त्या काळच्या पत्र्याला उजेडातला निळा आणि जांभळा तेवढाच भाग कळे. तांबडा, पिवळा त्याच्या लेखी अंधारच. मग नको असलेला तांबडा-पिवळा उजेड आत घेऊन गिऱ्हाइकाचे डोळे का दिपवायचे? निळ्या काचेतून पत्र्याच्या कामाचा तेवढा उजेड आत येई आणि माणसाला डोळे उघडे ठेवून बसता येई. फोटोच्या धंद्यातला पहिला रंगीत उजेड हा असा होता. तो शोभेसाठी नव्हता, निव्वळ सोयीसाठी होता. ही निळी काच वाचकांनी ध्यानात ठेवावी; ती पुढे वाशीमला भेटणार आहे.

ही विद्या मुंबईला यायला फार वेळ लागला नाही. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, आणि त्यातून तयार झालेल्या हरिचंद चिंतामण ह्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढून नाव कमावले. सोसायटीच्या सभासदांत डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी स्वतः फोटो काढीत.

भाऊ दाजींचे नाव आले की वाशीमच्या माणसाला थोडे आडवाटेला जाण्याचा मोह होतो, आणि दिवाळीच्या दिवसांत तेवढी मोकळीक वाचक देतील असे धरून चालतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वाकाटकांचा शिलालेख वाचून छापणाऱ्यांत भाऊ दाजी पहिले. ते लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेण ह्याचा मंत्री. हे वाकाटक राज्य कोठून करीत? तर वत्सगुल्माहून, म्हणजे आमच्या वाशीमहून. १९३९ साली वाशीमलाच दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि ही शाखा इथलीच, हे पक्के ठरले. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ह्यांचे लग्न वत्सगुल्मातच लावून दिले आहे. एवढे मोठे लग्न आमच्या गावी लागले, पण त्याचा एकही फोटो नाही!

फोटो नसला तरी त्या काळच्या उजेडाची हकीकत मात्र शिल्लक आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहा. हे लेणे हरिषेणाच्याच आश्रयाने झाले, असे वॉल्टर स्पिंक ह्यांचे मत होते. त्या चेहऱ्यावर नाकाची धार उजळ ठेवली आहे, गालाच्या कडेला रंग गडद होत गेला आहे, हनुवटीवर पुन्हा थोडा उजेड. भिंत सपाट आहे आणि चेहरा गोल दिसतो. विष्णुधर्मोत्तर पुराणात ह्या सावली देण्याला 'वर्तना' म्हटले असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांनी दिलेली, बारीक सलग छटांनी दिलेली आणि ठिपक्यांनी दिलेली. मुलांना पेन्सिलीने शेडिंग शिकवताना मी ह्याच तीन रीती शिकवतो. त्यांना पुराणाचे नाव सांगत नाही, एवढेच. सांगायचे इतकेच की, चेहऱ्यावर सावली कुठे पडावी ह्याचा विचार आमच्या मुलखाच्या राजांच्या पदरी असलेल्या चिताऱ्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी करून ठेवला होता. आणि पद्मपाणी सावळा आहे, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता कुंकवाकडे येऊ. पत्र्यामागून काच आली, काचेवर रासायनिक थर आला, पण लाल रंगाबाबतचे आंधळेपण गेले नाही. १८७३ साली बर्लिनच्या फोगेल ह्या प्राध्यापकाला असे आढळले की थरात विशिष्ट रंग मिसळले तर काचेला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. तिला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणू लागले. लाल तिलाही दिसत नसेच. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक काच १९०६च्या सुमारास इंग्लंडात विक्रीला आली. पण लहान गावांतले फोटोवाले पुढे कित्येक वर्षे जुन्या मालालाच चिकटून राहिले, आणि त्याचे कारण मोठे व्यवहारी होते. ज्या काचेला लाल दिसत नाही, ती अंधाऱ्या खोलीत लाल कंदिलाच्या उजेडात डोळ्यांदेखत धुता येते. चित्र किती उमटले ते पाहून वेळेवर बाहेर काढता येते. सगळे रंग दिसणारी काच मिट्ट काळोखात, घड्याळाच्या भरवशावर धुवावी लागते. ज्याचे सारे कसब डोळ्यांत आहे, त्याने काळोखात का चाचपडावे?

पण जो लाल कंदील फोटोवाल्याच्या सोयीचा, तोच आजीच्या मुळावर आला. ज्या काचेला लाल कंदील दिसत नाही, तिला लाल कुंकूही दिसत नाही. कपाळावर तेवढी जागा काळीठिक्कर. आणि गोष्ट कुंकवावरच थांबत नाही. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवरून परतणाऱ्या उजेडात तांबडा-पिवळा भागच जास्त असतो. तो काचेच्या हिशेबी जमाच होत नाही, म्हणून माणूस आहे त्याहून दोन छटा काळा उमटतो. फोटोवाले मग तोंडाला पावडर फासायला लावीत, आणि निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने टचिंग करीत बसत. आपल्या आज्या-पणज्यांचे चेहरे जुन्या फोटोंत एकतर काजळलेले दिसतात, नाहीतर पिठाळलेले, त्याचे कारण हे. त्या तशा नव्हत्या हो!

ह्या धंद्यात पडलेल्या मराठी माणसांत एक मोठे नाव दादासाहेब फाळक्यांचे. चित्रपट काढण्यापूर्वी त्यांनी गोध्र्याला फोटोचे दुकान चालवले होते. कॅमेरा माणसाच्या अंगातले सत्त्व ओढून घेतो, अशी त्या काळी लोकांची धास्ती, आणि गिऱ्हाईक जमवताना त्यांची पुरेवाट झाली, असे त्यांच्या चरित्रात आढळते. गोध्र्यालाच प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले आणि त्यांनी गाव सोडले. पुढे रंगीत छपाईचे ठसे, राजा रविवर्म्याच्या छापखान्याचे काम, जर्मनीची वारी, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. त्या काळचे चित्रण उघड्यावर, सूर्याच्या मर्जीने चाले. सूर्य डोक्यावर आला की नटांच्या डोळ्यांखाली खड्डे पडत. ढग आला की काम बंद.

सावली आपल्या मुठीत धरण्याचे काम कोल्हापुरात झाले. बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. चुलतभाऊ आनंदराव ह्यांच्यासह त्यांनी सिनेमाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली वारले, तरी बाबूरावांनी घरच्या घरी कॅमेरा तयार केलाच. १९२३च्या 'सिंहगड' चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचा देखावा घेतला. मला ह्या माणसाचे फार कौतुक वाटते. आयुष्यभर पडद्यावर खोटी सावली रंगवली, आणि शेवटी दिवा उचलून खरी सावली हवी तिथे पाडली. ज्याने कुंचल्याने सावली दिली आहे त्यालाच दिवा कुठे ठेवावा हे कळते, असे माझे मत आहे. चित्रकलेच्या शिक्षकाचे मत म्हणून ते थोडे सोडून द्यावे.

दिवे आले आणि स्टुडिओचे रूप पालटले. काचेच्या छपरातून येणारा उजेड आकाशाचा. तो सगळीकडून येतो, सगळ्यांवर सारखा पडतो. दिवा मात्र एका बाजूने बोलतो. तो उंचावर, थोडा कडेला ठेवला की नाकाची सावली पलीकडच्या गालावर जाते आणि त्या काळोख्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. ह्याला जगभर रेम्ब्रांटचा उजेड म्हणतात. नाव कसे पडले त्याचा किस्सा अमेरिकेतले दिग्दर्शक डमिल स्वतः सांगत. १९१५ साली त्यांनी एका चित्रपटात नटाचा अर्धा चेहरा अंधारात ठेवला. विक्रेत्यांची तक्रार आली की अर्धेच तोंड दिसते तर लोक अर्धेच पैसे देतील. डमिलनी कळवले, हा रेम्ब्रांटचा उजेड आहे. उलट निरोप आला की मग दुप्पट दर लावू! वाशीमचे गिऱ्हाईक रेम्ब्रांटला भुलले नसते. अर्ध्या तोंडाचे अर्धेच पैसे देऊन चालू लागले असते.

तरी ती फॅशन आलीच. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर ह्यांनी दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला आणि राज कपूर, नर्गिस अशा नटनट्यांचे चेहरे काळोखातून कोरून काढल्यासारखे टिपले. तसली चित्रे सिनेमाच्या मासिकांतून गावोगाव पोचली. आमच्याकडच्या स्टुडिओंच्या भिंतींवर ती डकवलेली मी लहानपणी पाहिली आहेत. गिऱ्हाईक बोट दाखवी, 'असा काढा.' चेहरा आपलाच राहणार, हे सांगण्याची पाळी फोटोवाल्यावर येई.

आजीचा दुसरा फोटो १९६२चा. आता काच गेली होती, फिल्म आली होती, आणि ती सगळे रंग ओळखणारी होती. उजेड मोठाल्या बल्बांचा. ह्या बल्बांच्या उजेडात तांबडा भाग भरपूर असतो. तेव्हा जुन्या खोडीच्या नेमके उलट घडले. ज्या लालाला काच अंधार समजत होती, तोच लाल आता फिल्मला उजेडाइतका उजळ वाटू लागला. ओठ फिके, गाल सपाट, आणि कुंकू? ते कपाळाच्या रंगात जवळजवळ विरून गेलेले. सिनेमावाल्यांना हा चकवा आधीच भेटला होता. १९२८च्या सुमारास हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टरने नव्या फिल्मसाठी नवा रंगलेप काढला तो ह्याचमुळे. आजीला हे कोण सांगणार?

फोटो आणायला आजोबांबरोबर ती स्वतः गेली होती. पाकीट उघडले, फोटो उजेडाला धरला, आणि भर दुकानात तिने हंबरडा फोडला.

"जित्या नवऱ्याचं कुकू काहून पुसलं रे भाऊ?"

फोटोवाल्याने फिल्मचा गुण सांगून पाहिला. आजोबांनी समजूत घातली. आजी ऐकेना. सवाष्णीचे कपाळ कोरे काढले, तेही अकरा आणे की रुपया घेऊन, ही गोष्ट तिच्या मनात मावत नव्हती. शेवटी त्या बिचाऱ्याने बारीक कुंचला घेतला, लाल रंग कालवला आणि ओल्या डोळ्यांच्या आजीसमोर फोटोतल्या आजीला कुंकू लावले. आजी सांगे, "त्यानं हात धुऊन लावलं." तेवढ्यावर तिने त्याला माफ केले.

आजोबा १९७१ साली गेले. कपाळावरचे कुंकू आयाबायांनी पुसले. फोटोतले कोणी पुसले नाही. कागद आज पिवळा पडला आहे, काळा रंग तपकिरी झाला आहे, आजोबांच्या कोटाची बटणे दिसेनाशी झाली आहेत. तो लाल ठिपका मात्र काल लावल्यासारखा आहे.

रंगीत फोटोची कथा आणखी निराळी. मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाने १८६१ साली लंडनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड पडद्यावर एकावर एक टाकून रंगीत चित्र दाखवले होते; १९०७ साली ल्युमिएर बंधूंनी बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण काचेवर पसरून रंगीत फोटो बाजारात आणला. आपल्याकडे प्रभातने १९३३ साली 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती जर्मनीत करवून घेतल्या, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत. शांतारामबापूंनी ती हौस पुढे 'झनक झनक पायल बाजे'त, १९५५ साली, पुरी केली. मग 'दो आँखें बारह हाथ'च्या वेळी बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, डोळ्यांवर पट्टी आली, आणि त्या अंधारात त्यांना रंगच रंग दिसू लागले. त्यातून १९५९चा 'नवरंग' निघाला.

आमच्या बाजूच्या स्टुडिओंत रंगीत रोल सर्रास झाला तो १९८०नंतर. रोल धुवायला अकोल्याला जाई आणि आठवड्याने परत येई. पहिले रंगीत फोटो पाहून लोक हबकले. सारे घर हळद लागल्यासारखे पिवळे! रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडाच्या हिशेबाने बनवलेली, आणि दुकानातले दिवे जुनेच, तांबूस. मग फोटोवाल्यांनी दिव्यापुढे निळा जिलेटीन कागद बांधला आणि पिवळेपणा मारला. लंडनची ती निळी काच अशी एकशे चाळीस वर्षांनी आमच्या गावी आली. आणि कागद एकदा हातात आला म्हटल्यावर निळ्यावर कोण थांबतो? लाल आला, हिरवा आला, गुलाबी आला. आकाशकंदिलाला लावायचा कागद फोटोवाल्याच्या दिव्याला लागला.

माझ्या धाकट्या आत्याचा 'दाखवायचा' फोटो १९८७ साली निघाला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि हट्टाने बरोबर गेलो होतो. आत्या सावळी. सुरेख सावळी, नदीकाठच्या ओल्या मातीसारखी. दोन ठिकाणचे नकार आलेले होते, म्हणून ह्या वेळी आजीने सांगून ठेवले होते की फोटो 'उजळ' पाहिजे. फोटोवाल्याने मागच्या पडद्यावर निळा कागद लावलेला दिवा सोडला. तोंडावर दोन दिवे, गुलाबी कागदाचे, अगदी जवळ. मला स्टुलावर बसवले होते. दिव्याच्या धगीने गुलाबी कागदाची कड वळू लागली, धुराची बारीक रेघ निघाली, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आत्याच्या कपाळावर घाम. फोटोवाला म्हणाला, "ताई, हसा जरा." आत्या हसली, आणि त्याने बटण दाबले.

फोटो आला तेव्हा घरात आनंदीआनंद. कोणी गोरीगोमटी परकी मुलगी आमच्या आत्याचे लुगडे नेसून बसली होती. ह्यातली क्लृप्ती मला आज कळते. निळ्याशेजारी तांबूस ठेवला की तांबूस झळाळून उठतो. रंगांच्या चक्रात ते समोरासमोर बसतात. शिवाय तोंडावर उजेड इतका ओतलेला, की कातडीची खरी छटा फिल्मवर धुऊनच गेली. आणि मुळात त्या फिल्मलाही सावळ्या रंगाची फारशी ओळख नव्हती. अमेरिकेत कोडॅकचे कारखानदार छपाईचे रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा नमुना-फोटो पाठवीत. त्या नमुन्याला 'शर्ली' म्हणत. शर्लीची कातडी नीट दिसली की रंग बरोबर. तपकिरी छटा नीट येत नाहीत ही ओरड तिथे कोणी केली, म्हणाल? लाकडी सामान विकणाऱ्यांनी आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी, असे त्या कारखान्यातल्या जुन्या माणसांनी पुढे सांगितले. टेबलखुर्चीला न्याय मिळाला. त्या पाठोपाठ माणसांनाही थोडा मिळाला.

फोटोवरून पाहुणे आले. रिसोडकडचे होते. ओसरीवर पोहे झाले, आत्या चहा घेऊन आली. मुलाच्या मामाने खिशातून फोटो काढला, फोटोकडे पाहिले, आत्याकडे पाहिले, आणि फोटो तबकात चहाच्या कपाशेजारी ठेवून दिला. कोणी वाईट बोलले नाही. "कळवतो," म्हणाले. आत्याने तबक उचलले, आत नेले, कप विसळले. फोटो पुसून फळीवर ठेवला. त्या दिवसापासून ती स्टुडिओची पायरी चढली नाही. दोन वर्षांनी मंगरूळपीरकडच्या एका माणसाने फोटो न मागता, भर दुपारी अंगणात तिला पाहिले आणि लग्न केले. त्या लग्नाच्या फोटोंतही ती पदर पुढे ओढून बसली आहे.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुलांना एक खेळ दाखवतो. वर्ग काळोखा करायचा. दोन बॅटऱ्या, एकीला लाल कागद, एकीला हिरवा. दोन्हींचा उजेड पांढऱ्या कागदावर एकत्र पाडला की तिथे पिवळा दिसतो, इथेच निम्मा वर्ग ओरडतो. मग मध्ये पेन्सिल उभी करायची. सावल्या दोन पडतात, आणि काळी एकही नसते. लाल दिव्याने पडलेली सावली हिरवी, हिरव्याने पडलेली लाल. कारण जिथे लाल पोचला नाही, तिथे हिरवा एकटाच उरतो. जर्मन कवी गटे ह्याने १८१०च्या आपल्या रंगांवरील ग्रंथात अशा रंगीत सावल्यांचे मोठे प्रेमाने वर्णन केले आहे. आमच्या मुलांना गटे ठाऊक नाही, पण घरी जाऊन ती बॅटऱ्यांची वाट लावतात, एवढे खरे.

गेल्या दिवाळीत आत्या माहेरी आली होती. आता गावात जिलेटीन कागद लावणारे फोटोवाले उरले नाहीत. पडद्यावरचा हंस कोणत्या अडगळीत गेला, कोणास ठाऊक. रंग आता संगणकात बदलतात, आणि गोरे करून देण्याची सोय तर प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आपोआप येते. मी मात्र आकाशकंदील अजून घरीच करतो, कामट्यांचा, लाल आणि पिवळ्या कागदाचा. ओसरीवर तो टांगला होता आणि खाली आत्या पणत्यांत तेल घालीत बसली होती. एका गालावर कंदिलाचा लाल उजेड, दुसऱ्यावर खालून पणतीचा पिवळा. मधे नाकाची सावली, जांभळट. मी मोबाइल काढला. त्यातली ती उजळ करणारी सोय आधी बंद केली.

"आत्या, इकडे पाय जरा."

ती रागावेल असे वाटले होते. तिने तेलाची वाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसले, आणि सरळ माझ्याकडे पाहिले. फोटो काढून झाल्यावर चष्मा शोधला, मोबाइल हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. मग म्हणाली,

"कुकू दिसते काय रे त्यात?"